चटणीचं बोट नसलेलं पान

सोलापूर,
दिवाळीनंतरचा रविवार, १९७६

प्रिय आप्पा,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तुम्ही श्रावणात गेलात.
२. तुमच्या पत्र्याच्या पेटीत नातवंडांच्या मासिकांची यादी सापडली. अजून शाळेत असलेल्यांची तीन नावं होती. दोघांपुढे मासिक लिहिलेलं होतं, वळसंगच्या आत्याच्या कमलपुढची जागा कोरी होती.
३. दादाने ती यादी माझ्या हातात दिली. म्हणाला, "तू डिप्लोमावाली. तूच भर."
४. मी तुमच्याच पद्धतीने कमलची परीक्षा घेतली.
५. निकाल चुकला.
६. चौदा वर्षांपूर्वी तुम्ही माझी परीक्षा घेतली होती, तिचा निकालही चुकला होता. का चुकला, ते मला भाऊबीजेच्या दिवशी कळलं. म्हणून हे पत्र.

असं क्रमांक घालून लिहिणं ऑफिसातून आलं, हे तुम्ही लगेच ओळखाल. मी तिथे पुलांचे नकाशे काढते.

तुम्ही तीस वर्षं टपाल वाटलंत. त्यातून तुमचं एक मत पक्कं झालं होतं. "ज्या पोराच्या नावानं टपाल येतं, त्ये पोरगं साळा सोडत न्हाय." म्हणून दिवाळीला आम्हाला कपडे बाबा घेत आणि मासिकाची वर्षाची वर्गणी तुम्ही भरत. वेष्टनावर पूर्ण नाव हवं, हा तुमचा हट्ट. पोस्टमन दारात 'कुमारी सुनंदा' अशी हाक मारायचा तेव्हा आई पदराला हात पुसत बाहेर यायची आणि मी म्हणायचे, "तुझं नाही, माझं आहे." मला आवडणाऱ्या वाक्यांपैकी ते एक होतं.

आणि तुमची ती परीक्षा! रद्दीवाल्याकडून चार मासिकांचे जुने अंक आणायचे, सोप्यात पसरायचे आणि आम्हाला भाकरी नि शेंगाची चटणी घेऊन तिथेच बसवायचं. जेवणं झाली की तुम्ही एकेक पान उजेडात धरून तेलाचे डाग शोधायचात. जिथे ज्याचं बोट, ते त्याचं मासिक. "तोंडानं पोरं खोटं बोलतील. चटणी न्हाय बोलत."

मी दहा वर्षांची होते. भरतकाम-विणकामाच्या अंकावर माझी चार बोटं निघाली. विज्ञानाच्या अंकावर दादाचा अख्खा पंजा. निकाल लागला. दादाला विज्ञान, मला टाके.

मला विज्ञान हवं होतं, आप्पा. रेडिओच्या आतली आकृती होती त्या अंकात. मी बोलले नाही. तुम्ही महिन्याभराने विचारलंत, "आवडलं का गं?" मी म्हटलं, "हो." मला वाटलं, तुम्ही मुलगी बघून ठरवलंत आणि चटणी हे निमित्त केलंत. हा राग मी चौदा वर्षं नीट घडी घालून ठेवला. दर महिन्याला दादाचा अंक त्याचं वाचून झाल्यावर घ्यायचे, तेही मोरीवर जाऊन हात धुऊन. दादा चिडवायचा, "सुने, मासिक आहे ते. पोथी नव्हे."

विणकामाचे नमुने मी चौकटीच्या कागदावर उतरवत बसायचे. रेघ तिथे सुधारली. याचं श्रेय तुम्हाला द्यायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

आता भाऊबीज. बाबांबरोबर वळसंगला आत्याकडे गेले. पिशवीत चार जुने अंक होते; ते जेवायला बसताना कमलपुढे पसरले. जेवताना आत्याचे यजमान, आमचे मामा, सरळच म्हणाले, "कमलची सातवी झाली की बास. लई शिकली. फुडं काय मामलेदार हुयाची हाय व्हय?" आत्याने भाकरी परतली. कमलने भाकरीचा तुकडा चटणीला लावला.

कोरी जागा तुम्ही यासाठीच सोडली होती का? मामांचं हे तुमच्या कानावर आलं होतं का? मला कोणी सांगितलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी तुमच्यासारखी पानं उजेडात धरली. गोष्टींच्या मासिकावर तीन बोटं आणि तेलाचा एक थेंब. निकाल स्पष्ट होता. यादीत कमलपुढे मी ते नाव पेन्सिलने लिहूनही टाकलं.

मग अंक पिशवीत भरताना मोजले. तीनच होते. शेतीचं मासिक नव्हतं.

कमल मागच्या दारी, गोठ्याच्या पायरीवर बसली होती. अंक मांडीवर. हात कोपरापर्यंत ओले, परकराला पुसत होती.

मी विचारलं, "हे कधी घेतलंस?"

"मघाशीच. पर आदी हात धुतले की, ताई. आवडत्या पानाला तेलाचा हात कसा लावायचा?"

आप्पा, मी तिथेच तिच्या शेजारी बसले. मला हसू येत होतं आणि ते थांबेना. असं मला होत नाही, तुम्हाला माहीत आहे. मीही त्या दिवशी हात धुतले होते! रेडिओच्या पानावर माझं बोट नव्हतं, कारण ते पान मला हवं होतं. टाक्यांच्या अंकावर मी नुसती चाळता चाळता बोटं पुसली होती. तुम्ही मुलगी बघून ठरवलं नव्हतंत. तुम्ही डागच बघितलेत. पण डाग नावडीचे होते, आणि ते तुम्हाला कोणी सांगायचं? सांगायचं मी, आणि मी 'हो' म्हणून मोकळी झाले. राग माझ्या बाजूने रद्द करते.

कमलने तुरीचं पान खूण म्हणून घातलं होतं. तुरीवरच्या अळीचा लेख होता. यंदा त्यांच्या तुरीला अळी लागली आहे. तिने अंक आत नेला आणि मामांसमोर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मामांना सहीपुरतंच अक्षर येतं. आधी ते तंबाखू मळत राहिले. मग हात थांबला.

"मागचं पुन्यांदा वाच. किती पान्यात किती?"

तिने पुन्हा वाचलं. आकडा तिने चुकवला नाही, मी पाठीमागून पाहत होते.

"ह्ये म्हैन्याच्या म्हैन्याला येतंय व्हय?" मामांनी मला विचारलं.

"येतं. पण तिच्या नावावर येईल. फोडायचं तिने, वाचायचं तिने."

"आन् फुडच्या वर्षी?"

"ती शाळेत असेल तरच. आप्पांचा नियम आहे."

असा नियम तुम्ही कधी केला नव्हतात. तुमच्या नावावर मी खोटं बोलले. मामांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग कमलला म्हणाले, "त्यो औषदाचा आकडा पाटीवर लिवून ठिव." शाळेबद्दल काही बोलले नाहीत. मी याला होकार म्हणत नाही. पण निघताना 'बास' हा शब्द पुन्हा निघाला नाही, एवढी नोंद करते.

पेन्सिलीचं नाव खोडलं. शाईने 'शेती' लिहिलं, वेष्टनासाठी कमलचं पूर्ण नाव लिहिलं, आणि यादी एसटीत दोनदा उघडून पाहिली. तुम्हालाही दरवर्षी असंच होत होतं का?

माझा शब्द देते: कमलची शाळा चालू आहे तोवर तिच्या नावाचं टपाल थांबणार नाही, आणि चटणीनंतर मी प्रत्येक पोराला तोंडानेही विचारेन. 'हो' म्हणालं तर पुन्हा विचारेन.

मनीऑर्डर मंगळवारी करते आहे. तुमच्या नावावर केलेल्या नियमाला हरकत असल्यास सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवावे.

तुमची,
सुनंदा