सारख्या चालणाऱ्या दोन कृती

पनवेल, रविवार, १६ जानेवारी १९९४

सिद्ध करायचे होते ते असे: मृणालच्या दोन्ही संगणकीय कृती सममूल्य आहेत; दोन्हींतून अखेर एकच रचना निघते. उद्या तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. सकाळी ती म्हणाली, "सर, दोन्ही सारख्या चालतात." तेवढ्या आधारावर मी दिवसभर सिद्धता रचली.

संध्याकाळी ती सिद्धता वाचून मृणाल हसतच सुटली. "अहो सर, सारख्या म्हणजे थांबतच नाहीत हो! तुमच्या सोसायटीच्या पंपासारख्या."

सारख्या! जी कृती थांबतच नाही, तिची अखेरची रचना कोणती? उद्या परीक्षकांसमोर ती माझ्या सिद्धतेसह कोसळली असती. आता 'हा प्रश्न खुला आहे' एवढेच ती सांगणार. तेच योग्य.

व्याख्येआधी मी कुणाला खडू उचलू दिला नाही. आज 'सारख्या' म्हणजे काय, हे न विचारता स्वतः उचलला. चूक माझी.

— वि. रा. क.