रेघेपर्यंत भरलेली नळी

६ मार्च
आज स्वतःचंच रक्त आमच्या लॅबच्या मशिनला लावलं. सातवा महिना. फॅक्टर एट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकांतला आठवा — एकशे बारा टक्के! लग्नाआधी अडतीस होता. आमच्या घरात तो कमीच. दादाचा तर दोन. साधं कुठे आपटला तरी गुडघा भोपळ्याएवढा सुजतो. आणि माझा तिप्पट? अख्ख्या लॅबला कागद दाखवत हिंडले.

११ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हुरळून जाऊ नका. पोटुशीपणी वाढतोच. बाळंत झालात की उतरेल, तेव्हा जपायचं." म्हणजे पाहुणाच म्हणायचा!
बाळाला पोचतो का? नाही म्हणे. एका अंगात राहून चूल वेगळी! मुलगा झाला तर दादासारखा असण्याची शक्यता निम्मी.

२ एप्रिल
बाळांचे बरेच घटक जन्मतः कमी असतात, आठवा मात्र पहिल्या दिवसापासून पुरेसा. असं का? सगळ्यांना विचारलं. एकालाही धड सांगता येईना!

वॉर्डातल्या सिस्टरशी परत भांडले. निळ्या टोपणाची नळी रेघेपर्यंत भरतच नाही. रक्त कमी पडलं की आतलं, रक्त गोठू न देणारं औषध जास्त होतं, आकडा खोटाच खाली येतो. "बाई, तुमची वेळ येऊ दे!" म्हणाली. आगाऊ कुठली.

१९ एप्रिल
दादा आला होता. "माझ्यासारखा झाला तर?"
"तर तुझ्यासारखाच चहा बिघडवेल, दुसरं काय!"
हसला नाही. म्हणाला, "आईने मला कधी अंगणात खेळू दिलं नाही गं."

१४ मे
मुलगा! गुबगुबीत. नाळेचं रक्त लॅबला गेलंय. खाटेवरूनच तीन फोन केले.

१५ मे
दोन टक्के.
पण लॅबमधला सहकारी म्हणतो, नळी अर्धीच होती! अर्ध्या नळीचा जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. तेवढ्याने आकडा इतका पडत नाही, हे मलाही कळतं. तरी त्या सिस्टरचा मुका घ्यावासा वाटला. परत तपासायचं.

१७ मे
नळी मी स्वतः बघितली. रेघेपर्यंत. दोनच.
आई रडली. मीही. दादाने बाळाला उचललं, मानेखाली हात कसा छान घातला! म्हणाला, "रडताय काय? याचं कसं करायचं ते मला विचारा. अंगणात मीच नेणार याला."