कमरेला काय काय असावं

रविवार, ३ ऑगस्ट २००८, सकाळी सहा

काल संध्याकाळी पुन्हा जमिनीतून आवाज आला. लांब कुठेतरी ट्रकमधून खडी ओतावी तसा. स्वयंपाकघरातली ताटं किणकिणली, मग गप्प. लातुरात आता याला कोणी दचकत नाही. लोक एकमेकांकडे बघतात आणि उरलेला चहा पितात.

मला तसं करून चालणार नाही. बेचाळीस मुली माझ्या होस्टेलात राहून सीईटीचा अभ्यास करतात. त्रेचाळिसावी माझीच मनस्विनी. तिलाही सगळ्यांबरोबर दुसऱ्या मजल्यावर ठेवलं आहे. नियम म्हणजे नियम.

निश्चय: संकटात लागणाऱ्या सगळ्या वस्तू आजपासून अंगावर. नेट कॅफेतून यादीची प्रिंट आणली. परदेशात याला एव्हरीडे कॅरी म्हणतात. तिकडचे लोक दूध आणायलासुद्धा तसेच जातात.

मंगळवार, ५ ऑगस्ट

गंजगोलाईच्या बाजारात चार तास. खरेदी: कमरेचा पाऊच (काळा, सहा कप्पे), शिट्टी, नायलॉनची दोरी, घडीचा चाकू. शिट्टी सर्वात महत्त्वाची. ढिगाऱ्याखालून माणसाचा आवाज येत नाही, शिट्टीचा येतो, असं प्रिंटमध्ये आहे.

कमलम्माला दाखवली. ही आमची स्वयंपाकीण, निलंग्याकडची. त्र्याण्णवच्या भूकंपात दीड दिवस मातीखाली होती. त्याबद्दल बोलत नाही. तरी विचारलं, की तेव्हा अशी शिट्टी असती तर बरं झालं असतं ना? म्हणाली, तोंडात माती व्हती सर.

विषय तिथेच संपला. नकारात्मक बाई आहे.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

फोनचा प्रश्न गंभीर. एकात टॉर्च आहे पण कॅमेरा नाही. दुसऱ्यात कॅमेरा आणि स्टॉपवॉच आहे पण उजेड काजव्याइतका. तीन दिवस विचार केला. दोन्ही ठेवायचे. दोन कंपन्यांची दोन कार्डं, एक बंद पडली तर दुसरी.

फर्स्ट एड डब्बीही आली. साबणाच्या वडीएवढी. त्यात क्रेप बँडेज, कापूस, आयोडिन, चिकटपट्ट्या. जेवताना टेबलावर ठेवून सगळ्यांना समजावलं. माझी बायको चंद्रप्रभा म्हणाली, सगळं घेतलंत, उशी राहिली.

मुली हसल्या. मनस्विनी हसली नाही.

त्याचा खुलासा इथे एकदाच करून ठेवतो. त्र्याण्णवच्या पहाटे आम्ही निलंग्यात भाड्याच्या घरात होतो. घर हललं. मी क्षणाचाही विलंब न लावता दोन वर्षांच्या मनस्विनीला छातीशी धरून बाहेर धावलो. चौकात आल्यावर कळलं की ती उशी आहे. मुलीला मागून चंद्रप्रभाने आणलं. अंधारात उशी आणि झोपलेलं मूल हाताला सारखंच लागतं. हे कोणीही करून बघावं. पण निलंग्यात मला पुढे चार वर्षं उशीसर म्हणत. शेवटी बदली मागून घेतली.

या वेळी तयारी आहे.

गुरुवार, १४ ऑगस्ट

जिन्याच्या भिंतीला भेग. गुरुपादप्पा मिस्त्रीला बोलावलं. त्याने बोट घालून बघितलं. मग म्हणाला, सर, ही भेग खालून वर चाललीय, वरून खाली न्हाई. लई बेकार असती ही. पोरी खाली आणा, जिना खोलून बघू.

ऐन अभ्यासाच्या दिवसांत जिना खोलायचा! पालक काय म्हणतील? सीईटी झाल्यावर बघू असं सांगितलं. तो म्हणाला, भेगेला सीईटी कळतीय का?

कमलम्माने भेगेवर कणकेच्या खळीने कागदाची पट्टी चिकटवली. पट्टी फाटली तर भेग वाढली असं समजायचं म्हणे. गावठी उपाय, पण चालू दे.

बुधवार, २० ऑगस्ट

आनंदाची बातमी. शिट्टी पंधरा दिवस नुसती लोंबकळत होती. काल सहज अभ्यासाच्या वेळेला वाजवली आणि मुली दोन मिनिटांत खोल्यांत! पूर्वी घसा बसायचा. आता नियमच केला: लांब शिट्टी, की जिथे असाल तिथून आपल्या खोलीत, खुर्चीवर, पुस्तक उघडं. बोलायचं नाही, विचारायचं नाही. उशीर करणारीची रविवारची फोनची पाळी बंद.

मनस्विनी संध्याकाळी येऊन म्हणाली, बाबा, मग भूकंपाला वेगळं काहीतरी ठेवा. तिला समजावलं, की एका वस्तूचे दोन उपयोग हेच तर एव्हरीडे कॅरीचं मर्म. भूकंपात मी शिट्टी वाजवली की सगळ्या बाहेर पडतील. ती म्हणाली, त्यांना कसं कळणार? मी म्हणालो, प्रसंगावरून.

पोरगी हुशार आहे, पण वाद घालते. आईवर गेली.

रविवार, ३१ ऑगस्ट

आज भूकंपाची रंगीत तालीम ठरली होती. रद्द. फिजिक्सची टेस्ट. पुढच्या रविवारी नक्की.

शिट्टीचा वेळ एक मिनिट दहा सेकंदांवर आला.

सोमवार, ८ सप्टेंबर

तालीम झाली नाही. केमिस्ट्री.

पाऊच फार फुगतो. बसलं की दोरी पोटात रुतते, वाकलं की चाकू. कमलम्मा बघून म्हणाली, सर, यातलं काढंस्तोर घर बसतंय की खाली. तिच्या स्वतःच्या कमरेला एक मळकी चंची आहे. पान-सुपारी, सुईदोरा, हळकुंड, जुन्या लुगड्याची धुतलेली चिंधी, बाकी देव जाणे. मी तिला आधुनिक पाऊच देऊ केला. म्हणाली, र्‍हाऊ द्या, माझी मला सापडतीय अंधारात.

वजन कमी करायलाच हवं. एकेक वस्तू समोर मांडून निष्ठुरपणे विचार केला. क्रेप बँडेज काढलं. फार जागा खातं, आणि महिनाभरात एकदाही लागलं नाही. त्या जागी दुसरा फोन नेमका बसला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज दोनदा आवाज. दुसऱ्या वेळी हौदातलं पाणी थरथरलं. शेजारचं कुत्रं सकाळपासून अंगणात यायला तयार नाही. भाकरी टाकली तरी फाटकाबाहेरून बघत बसतं.

कागदाची पट्टी फाटली. मधोमध, कात्रीने कापल्यासारखी. कमलम्मा मला न विचारता तिथे दिवा लावून आली. मुलींच्या मनावर परिणाम होतो. म्हणून मी भेगेवर मोठा बोर्ड ठोकून घेतला: शिस्त हेच यश. चार जाड खिळे. आता काही दिसत नाही.

चंद्रप्रभा म्हणाली, निदान मनूला तरी खाली आणा. मी म्हणालो, मालकाची मुलगी खाली आणि लोकांच्या वर, हे दिसायला कसं दिसेल? ती म्हणाली, मग सगळ्यांना आणा. मी म्हणालो, सीईटीनंतर.

मला भीती वाटते. हे इथेच लिहितो. रात्री पाऊच बांधूनच झोपतो.

रविवार, २८ सप्टेंबर

तालीम पुढे ढकलली. रँक टेस्ट. पण वेळ वाया घालवला नाही, मी एकट्याने केली. दुसऱ्या मजल्यावरून अंगणापर्यंत, स्टॉपवॉच लावून: बावीस सेकंद. पन्नाशीच्या माणसाला उत्तम. शिट्टी, टॉर्च, फोन, सगळं हाताशी आलं. मुली खिडक्यांतून बघत होत्या.

पुढच्या रविवारी त्यांचीही घेणार. वहीत लाल शाईने लिहिलं आहे.

सोमवार, २९ सप्टेंबर, संध्याकाळी साडेसात

आला. पाच वाजून दहा मिनिटांनी, चहाच्या सुट्टीत. थोडेच सेकंद. इमारत उभी आहे.

क्रमाने लिहितो. मी तातडीने अंगणात पोचून सूत्रं हाती घेतली. मुली घाबरून व्हरांड्यांत आल्या होत्या, काही जिन्यात. शिट्टी तोंडात धरली आणि छाती फुटेस्तोवर वाजवली. मुली थांबल्या. वळल्या. आणि आत गेल्या.

पुन्हा वाजवली, आणखी जोरात. उरलेल्या दोघी पळत आत गेल्या. तिन्ही व्हरांडे रिकामे. वरून खुर्च्या ओढल्याचे आवाज, मग शांतता. एक मिनिटही लागलं नाही. खोटं कशाला लिहू, क्षणभर अभिमानच वाटला.

मग लक्षात आलं, मुली आत आहेत. ओरडायला लागलो, पण शब्द फुटेनात. तोंडातली शिट्टी काढायचं राहिलं होतं.

तेवढ्यात कमलम्मा ताट आणि पळी घेऊन बाहेर आली आणि ताट बडवत ओरडली, पोरींनो, जेवायला चला गं, संपून राहिलं सगळं! मुली धडाधडा खाली आल्या. ताट वाजलं की शेवटी येणारीला पोळी मिळत नाही, हा तिचा नियम. ती मोजत होती. बेचाळीस.

त्रेचाळिसावी शेवटी. प्रत्येक खोलीत डोकावून, कोणी राहिलं नाही ना बघून ती उतरत होती. माझा बोर्ड भिंतीसकट तिच्या डोक्यावर आला.

मनस्विनी चालत बाहेर आली. केस लाल, चेहरा लाल. पाऊचची चेन अडकली. दाताने उघडली. डब्बीत चिकटपट्ट्या होत्या, करंगळीला लावायच्या. दोन्ही फोनना लाईन नाही. कमलम्माने मला बाजूला सारलं, न बघता चंचीत हात घातला, हळकुंड दाताने फोडलं, चिंधीची घडी दाबली, बांधली. रिक्षाने दवाखान्यात. सहा टाके. डॉक्टर म्हणाले, कोणी बांधलं? नीट बांधलंय.

मंगळवार, ३० सप्टेंबर

त्र्याण्णवच्या भूकंपाला आज पंधरा वर्षं झाली. एकूण प्रतिसाद समाधानकारक. त्रेचाळीसपैकी बेचाळीस सुखरूप. सुधारणा: अभ्यासाला एक शिट्टी, भूकंपाला दोन. क्रेप बँडेज परत.

मनस्विनी बोलत नाही. टाके दुखत असतील.

गुरुवार, २ ऑक्टोबर

आज बोलली. हळूच, भांडल्यासारखी नाही. म्हणाली, बाबा, पहिला धक्का बसला तेव्हा तुम्ही कुठे होतात? मी म्हणालो, अंगणात. म्हणाली, नाही. माझ्या दारात होतात, हजेरी घेत होतात. मी तुमचा पाऊच धरला होता.

मी म्हणालो, घाईत आठवत नाही. पण आठवतं. कोणीतरी पाऊच ओढला. मला वाटलं चेन उघडेल, वस्तू सांडतील. मी तो हात झटकला.

चंद्रप्रभा दारात उभी होती. काही म्हणाली नाही. उशीचंसुद्धा नाही.

नंतर फोन बघितला. सवयीने स्टॉपवॉच दाबलं गेलं होतं. अकरा सेकंद. सरावाच्या बरोबर निम्मे.

रविवार, ५ ऑक्टोबर, दुपारी

होस्टेल रिकामं. चार दिवस पालक येत होते. मुखेडच्या बसने गेल्या, शिरूर अनंतपाळच्या, निलंग्याच्या. मी फाटकाशी उभा होतो. एकीच्या वडिलांनी हात जोडले, माझ्यासमोर नाही, कमलम्मासमोर. गुरुपादप्पाने जिन्याला बल्ल्यांचे टेकू दिले.

सकाळी चंद्रप्रभा मनस्विनीला घेऊन नांदेडला भावाकडे गेली. तिकडेही क्लास आहेत. कधी येणार विचारलं. म्हणाली, सीईटीनंतर बघू. कमलम्माने दोघींना भाकऱ्या बांधून दिल्या आणि संध्याकाळच्या गाडीने आपणही निघते म्हणाली.

वहीत आज लाल शाईने तालीम लिहिलेली आहे.

पाऊच सोडून टेबलावर ठेवला. कंबर हलकी झाली, चालताना तोल जातो. मनस्विनीचं काही राहिलं असेल तर पाठवावं म्हणून टेकूंमधून वाट काढत वर गेलो. खोली तिने झाडून ठेवली होती. खाटेवर फक्त एक वस्तू राहिली होती.

ती छातीशी धरून सावकाश खाली आलो. अंगणात कोणी नव्हतं. दुपारचे दोन वाजले होते, लख्ख ऊन होतं, आणि माझ्या हातात उशी होती.