वेडी बाभूळ आणि सोमवारची पाहणी

मु. पो. देवगाव रंगारी,
बुधवार.

तीर्थस्वरूप काकासाहेब मामांच्या पायांवर डोके ठेवून रामकिसनचा नमस्कार. आशामामींची साखर आता किती आहे? क्रांती चौकातल्या धुराने तुमचा खोकला वाढला नसेल अशी आशा करतो. इकडे आई खुशाल आहे. गाय मात्र लंगडते (मागचा उजवा पाय, बाभळीचा काटा, दीड इंच).

तुम्ही सरपंच तात्यासाहेबांना जबान दिलीत म्हणून गायरानातली वेडी बाभूळ काढायचे काम मला मिळाले. सोमवारी ते पाहणीला येणार आहेत. एक जरी बाभूळ दिसली तरी काम दुसऱ्याला देतील आणि तुमची जबान खोटी पडेल. या विचाराने मला जेवण जात नाही.

मी चैत्रात चारशे बारा झाडे जमिनीलगत कापली, अगदी दोरी लावून. शेंगांचा खच पडला होता, तो सांडू धनगराच्या मेंढरांनी खाल्ला. परस्पर निपटारा झाला म्हणून मला बरे वाटले. पण मृगाचे दोन पाऊस पडले आणि एकेका बुडख्याला आठ-आठ, दहा-दहा फोक आले. कोळसा पाडणारे सरदारचाचा पाहायला आले आणि म्हणाले, "भांजे, तू बाभूळ तोडली नाय, तिची हजामत केली. बुडखा मुळासकट काढ, न्हाय तर पुढच्या साली हितं गाय शिरायची नाय."

मग आम्ही अकरा माणसांनी वीस दिवस बुडखे खणले (माझ्या तळहातांचे वर्णन करत नाही, आई पत्र वाचते). शेवटचा बुडखा काल निघाला. तेव्हा चाचा सहज म्हणाले, "शेंगा कुणी खाल्ल्या? बी पोटात मरत नसतं, लेंडीतून खतासकट भाहेर येतं." संध्याकाळपर्यंत गायरान पावलापावलाने तपासले. रोपे निघाली फक्त नऊ, ती उपटली. मेंढरे दिवसभर गायरानात चरत असली तरी रात्री दुसरीकडे बसत होती, म्हणून वाचलो. गायरान आता स्वच्छ आहे. तुम्ही निश्चिंत असावे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
रामकिसन

ता. क. मेंढरे तुमच्या पडीक शेतात बसत होती. फुकट खत मिळेल म्हणून मीच सांडूला तिथे बसवायला सांगितले होते. तीनशे मेंढरे, अठरा रात्री. तुम्हाला मोसंबी लावायची होती ना?

ता. क. दुसरा. तुमच्या शेतातली रोपे आज सकाळी मोजायला घेतली. चार हजारांनंतर सोडून दिले. सध्या बोटाएवढी आहेत, हाताने उपटतात.

ता. क. तिसरा. गायरानाची वाट तुमच्या बांधावरूनच जाते. तात्यासाहेबांनी मघाशी विचारलेच, "हे रान कुणाचं? पुन्हा गायरानात बी जाईल." मी म्हणालो, मालक सोमवारच्या आत स्वतः येऊन साफ करणार आहेत. तुमच्या वतीने जबान दिली आहे. शनिवारी पहिल्या गाडीने यावे. मामींनाही आणावे.