काडी कोणी मोडली, याबाबतचे माझे मृत्युपत्र

मी, विजयमाला नाथाजी मुळीक, वय सत्तावीस, राहणार कुंडल, हल्ली सांगली, घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे लिहून ठेवते. सोमवारी हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर हमी देत नाहीत.

१. शिलाई मशीन आईचे. कायद्याची पुस्तके धाकट्या बहिणीची, उमाची. ती रद्दीत घालणाऱ्याला माझा तळतळाट लागेल.

२. काडीमोडीवरचा लेख ही माझी खरी मिळकत. पंचांसमोर काडी मोडली की नवराबायको मोकळे, ही आमच्याकडची रीत. ती काडी बाईही मोडू शकते, हे मी बनुआत्याकडून ऐकून लिहिले. "त्यो कशाला मोडतोय? मीच मोडली, आन् त्याच्या म्होरं टाकली!" छापील आधार नाही म्हणून संपादकांनी तिचे शब्द गाळले आणि माझे नाव 'वि. ना. मुळीक' केले. म्हणे, "बाईचं नाव बघून कोण वाचणार?"

प्रा. शरच्चंद्र आगटे यांनी तर लेख न उघडताच ग्रंथात लिहिले : 'काडी मोडण्याचा अधिकार केवळ पुरुषास. पाहा : श्री. वि. ना. मुळीक.' पुढच्यांनी आगट्यांचे वाक्य उतरवले, तळटीपही उतरवली. मूळ लेख कोणीच पाहिला नाही. याला हे विद्वत्ता म्हणतात!

साताऱ्याच्या परिषदेत मी उठून म्हणाले, "मुळीक मीच. मी उलट लिहिलंय." आगटे म्हणाले, "बाई, वडिलांनाच घेऊन यायचं होतंत." सभागृह हसले.

त्यानंतर आत्याचा दुसरा नवरा वारला. दिराने जमिनीसाठी दावा लावला. त्याच्या वकिलाने इस्लामपूरच्या कोर्टात आगट्यांचा ग्रंथ वाचून दाखवला. बाईने मोडलेली काडी खोटी, म्हणून दुसरे लग्न खोटे. निकाल लागला. आत्या म्हणाली, "पोरी, तुझ्या कागदानं मला रांडव सुदीक ऱ्हाऊ दिलं न्हाई."

३. अपील बाकी आहे. उमाने माझ्या हस्तलिखितावरून, आत्याच्या शब्दांसह, माझ्या पूर्ण नावाने लेख छापावा आणि आत्याच्या वकिलाकडे द्यावा. पोस्टातली शिल्लक त्यासाठीच.

४. दहाव्याला कावळा शिवला नाही, तर घाटावर हात जोडून कोणी "तुझी इच्छा पुरी करू" असे पुटपुटू नये. आधी लेख छापून आणावा. तोवर पिंड तसाच राहू द्यावा.

कोणाच्या दबावाने नाही, स्वतःच्या हाताने लिहिले. सही पूर्ण नावानेच करते.

विजयमाला नाथाजी मुळीक

आमच्यादेखत सही केली, म्हणून साक्ष :
लालासाहेब गुंडा खारगे, कुंडल
लीलाबाई हंबीरराव शिंदे, माधवनगर

सांगली, १२ नोव्हेंबर १९७६