बुधवारी न पडणाऱ्या तारखा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण गेल्या महिन्यात माझी लाज तू राखलीस, म्हणून लिहिते आहे. मी आता कॉम्प्युटरवर काम करते. जुन्नर-आंबेगावातल्या बाळांच्या पुढच्या लसीची तारीख त्यांच्या आईच्या मोबाइलवर धाडणारा प्रोग्राम मी बनवला. माझ्या लॅपटॉपवर चोख चालला. खऱ्या सर्व्हरवर चढवला, तर तेरा तारखेपासून पुढच्या नोंदी तो घेईचना. टायपिंगच्या चुका असतील म्हणून मी त्या बाजूला ठेवल्या. मग डोंगरातल्या एका उपकेंद्रातून नर्सबाईंचा फोन आला. "मॅडम, आज सुयांचा दिवस, अन् निम्म्या बायका आल्याच न्हाईत. त्यांच्या मोबाइलवर पुढल्या म्हैन्याची तारीख आलीय!"

मी लगेच प्रोग्राम उघडून पाहिला. मी दिवस आधी लिहिला होता, सर्व्हर महिना आधी वाचत होता. चार मार्चचं त्यानं तीन एप्रिल केलं. तेरावा महिना नसतो, म्हणून तेरा तारखेला तो निदान अडला. बारापर्यंतच्या तारखा मुकाट्यानं उलट्या वाचून मोकळा झाला. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा एकच क्रम मी सगळीकडे बांधून टाकला. पण आधीच उलट्या झालेल्या तारखा त्या ढिगातून शोधायच्या कशा? बाळांच्या सुया लांबत होत्या.

तेव्हा तू आठवलीस. तूही उपकेंद्राची नर्स; स्वयंपाकघरात पाटावर बसून तू लसीकरणाचं रजिस्टर भरते आहेस, आणि प्रत्येक तारखेपुढे वार लिहिते आहेस. "तारीख लिवताना हात चुकतो गं. सुई बुधवारची, तर चार आठवड्यांनी बी बुधवारच आला पायजे. न्हाई आला, तर समजायचं आपन चुकलो." मला वाटायचं, दुप्पट लिहिण्याची ही हौस कसली! सुयांचा वार अजूनही बुधवारच आहे. मी कॉम्प्युटरला एवढंच म्हटलं, बुधवारी न पडणाऱ्या तारखा दाखव. भराभर बाहेर आल्या. उलटूनही बुधवारीच पडलेल्या राहिल्यासाहिल्या नर्सबाईंनी कार्डं पाहून काढल्या, आणि सगळ्या बाळांना सुया मिळाल्या. लई हुशार होतीस तू, आणि आम्ही तुला वेळखाऊ म्हणायचो.

तुझीही तारीख एकदा चुकली होती. तळेघरच्या वरच्या वाडीतल्या बाईला गुरुवार सांगून आलीस, आणि घरी रजिस्टर भरताना ते ध्यानात आलं. एसटी गेलेली. मळलेलं पीठ झाकून तू चालत निघालीस, मागे मी. दारातूनच म्हणालीस, "बाई, माजी चूक झाली. बुधवारी ये."

ती हसली. "येवढ्यासाठी चालत आल्या व्हय? निरोप धाडायचा."

"चूक माजी, अन् निरोप्याला कशाला बोल?"

मी बाळांच्या आयांना नव्या तारखा पाठवल्या, त्यावर लिहिलं, 'तांत्रिक अडचणीमुळे बदल.' त्या चिडल्या त्या नर्सबाईंवर. नर्सबाई दोन घरी चालत गेल्या, तर त्यांच्या तोंडावर दार लागलं. मला त्यांनी विचारलं, "नक्की काय झालं व्हतं, मॅडम?" मी म्हणाले, सर्व्हरचा घोळ. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिता येतंय. नर्सबाईंचा नंबर माझ्याकडे आहे. अजून लावलेला नाही.