परत मागवलेला व्हॉल्व्ह

४ जून

चि. भाऊस,

अनेक उत्तम आशीर्वाद. मी आणि तुझी भाची ठीक आहोत. फोनवर बोलले की ती कान लावून बसते, म्हणून पत्र.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात अजून तेच चाललंय. दुपारची जेवणं उरकून भट्टीचं बटण बंद केलं की आतून बारीक सूंऽ आवाज येतो. वासही येतो, पण त्या स्फोटापासून मला उशीलासुद्धा गॅसचा वास येतो, तेव्हा माझं कोण ऐकणार! गेल्या महिन्यात रविवारी येऊन तू साबणाचं पाणी लावून पाहिलंस, एक बुडबुडा आला नाही. ताई, हे मनाचे खेळ आहेत म्हणालास. असतील बाबा. मला वाटतं, तुझे दाजीच येऊन भट्टीपाशी उभे राहतात. दोन वर्षांपूर्वी इथेच या भट्टीच्या जोडीची दुसरी भट्टी त्यांनी उघडी टाकली, अर्ध्या तासाने चहासाठी काडी ओढली आणि संपलं. मग मीही रोज त्यांना ऐकवते, एक बटण फिरवायला काय हात झिजत होते का? लेकीने तर बापाचा फोटो कपाटात उलटा ठेवलाय. काढू देत नाही.

गावोगाव भट्ट्या बसवत हिंडतोस, वेळेवर जेवत जा. या बडबड्या बहिणीवर लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी ताई

९ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र आणि कंपनीची नोटीस एकाच दिवशी दुकानात आली. आधी तुमच्या ऑफिसला फोन करून तुझ्या भट्टीचा गॅस सिलिंडरपासून तोडायला लावला. आता कारण सांगतो.

मनाचे खेळ नव्हते, ताई. आपल्या दोन्ही भट्ट्यांमध्ये आहेत त्या बनावटीचे सगळे व्हॉल्व्ह, म्हणजे बटणामागच्या गॅसच्या झडपा, कंपनीने परत मागवलेत. तापला की आतलं सील सैल पडतं आणि बटण बंद असलं तरी गॅस झिरपतो. आम्ही मेकॅनिक नेहमी थंड भट्टीच तपासतो, गरमला कोण हात लावणार? त्या रविवारीही ती थंड होती.

आणखी एक आहे. स्फोटानंतर आत पहिला मी गेलो. दाजी कोपऱ्यात पडले होते. माझा हात सवयीने बटणाकडे गेला, बंद करायला फिरवलं तर फिरेना. ते बंदच होतं. मला वाटलं, मी बसवलेल्या गॅसच्या नळीचाच जोड सुटला, मीच दाजींना मारलं. बाहेर तू विचारलंस, सगळ्यांनी विचारलं, आणि मी म्हणालो, "बटण उघडंच राहिलं होतं." गेलेला माणूस काही बोलणार नव्हता. तेव्हापासून ते स्वप्नात येतात. रागावत नाहीत, नुसतं बटणाकडे बोट दाखवतात.

दोष व्हॉल्व्हचा निघाला, खोटं मात्र माझंच आहे. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा भाऊ

१४ जून

भाऊस,

आशीर्वाद लिहायला हात धजला नाही. पत्र तीनदा वाचलं.

जोड खरंच सुटला असता तरी मी ओरडले असते, रडले असते, महिनाभर तुझं तोंड पाहिलं नसतं, आणि मग पाहिलं असतं. पण तू तेव्हा खरं बोलला असतास तर दुसरी भट्टीही त्याच दिवशी उघडून पाहिली गेली असती. मी दोन वर्षं तिच्यापुढे उभी राहिले रे. आणि रोज त्या बिचाऱ्या माणसाला बोल लावत राहिले. आता माफी कुणाची मागू?

लेकीला अजून काही सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर आई समजूत घालतेय असं तिला वाटेल. तू ये. तिच्यासमोर बस आणि तिच्या बापाने बटण बंद केलं होतं, एवढं सांग. मग ती काय बोलेल ते खाली मान घालून ऐक. मी मध्ये पडणार नाही.

माझं विचारशील तर, लोभ आहे. तुटता तुटत नाही, हेच दुखणं आहे.

ताई